दारावरची शोकढाल

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मृत्यूचा विषय काढावा हे काही वाचकांना कदाचित रुचणार नाही. परंतु पन्नास वर्षे पुरी केलेल्या कोणत्याही मंडळाच्या सभागृहात संस्थापकांच्या तसबिरी असतात आणि त्यांतील बहुतेकांना चंदनाचा हार घातलेला असतो. तो हार पाहिला की तसबिरीतील व्यक्ती हयात नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. गेलेल्या माणसाची खूण भिंतीवर टांगावी आणि ती कशी वाचावयाची याचा संकेत सर्वांना ठाऊक असावा, ही रीत अनेक समाजांत आहे. युरोपातील घराण्यांनी या कामी आपापली कुलचिन्हे वापरली आणि काही शतकांत त्यांचे एक व्याकरणच तयार झाले. त्या व्याकरणाची थोडी ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे. विषय दिसतो तितका परका नाही. त्याचे अवशेष पुलिकतला, कोचीला आणि जुन्या गोव्यात आपल्याच भूमीवर पडून आहेत.

बाराव्या शतकाच्या मध्यास पश्चिम युरोपातील सरदार आपल्या ढालींवर ठरावीक रंगांची, ठरावीक आकृतींची चिन्हे रंगवू लागले आणि पुढे ती चिन्हे बापाकडून मुलाकडे वारशाने जाऊ लागली. कोणते चिन्ह कोणाचे, हे ध्यानात ठेवणारा हेरॉल्ड नावाचा एक वर्ग दरबारात निर्माण झाला. भाटाची स्मरणशक्ती, चोपदाराची ललकारी आणि कारकुनाचे दप्तर अशी तीन कामे एकाच माणसाकडे सोपविली, तर हेरॉल्ड कसा असेल याची कल्पना यावी. इंग्लंडात १४८४ साली राजा तिसरा रिचर्ड याने या मंडळींना सनद दिली. त्यांचे कॉलेज ऑफ आर्म्स आजही लंडनमध्ये चालू आहे.

ढाल हे जिवंतपणी माणसाच्या ओळखीचे साधन असल्याने मरणानंतरही तिचाच उपयोग व्हावा हे स्वाभाविक होते. तेराव्या शतकात सेंट ऑल्बन्सच्या मठात मॅथ्यू पॅरिस नावाचा एक बखरकार साधू होऊन गेला. आपल्या बखरीच्या समासात तो सरदारांच्या ढाली रंगवी आणि ज्या ठिकाणी एखाद्याच्या मृत्यूची हकीकत येई, त्या ठिकाणी त्याची ढाल उलटी काढी. उलटी ढाल दिसली की तिचा धनी गेला, असे समजावे. आपल्या सैन्यात आजही अंत्ययात्रेच्या वेळी ‘शोक शस्त्र’ असा हुकूम होतो आणि जवान बंदुकीची नळी जमिनीकडे करतात. हत्यार उलटे धरले की शोक, हा संकेत कोणालाही समजावून द्यावा लागत नाही.

जर्मन प्रदेशांत तर घराण्याचा शेवटचा पुरुष निवर्तला म्हणजे त्याची ढाल उलटी करून किंवा मोडून त्याच्याबरोबर थडग्यात ठेवीत. चिन्ह धारण करणारा कोणी उरला नाही, मग चिन्ह तरी कोणासाठी ठेवावयाचे? निपुत्रिक सरदाराच्या दत्तकासाठी आपल्याकडे जी धावपळ होई, ती ज्यांनी वाचली आहे त्यांना या रीतीतील दुःख वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रारंभी थडग्यावर टांगली जात ती खरी शस्त्रे. इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणतात, तो ८ जून १३७६ रोजी मरण पावला. आदल्याच दिवशी केलेल्या मृत्युपत्रात त्याने अंत्ययात्रेची तपशीलवार व्यवस्था लिहून ठेविली होती. एक मानकरी त्याच्या युद्धचिन्हांनिशी आणि दुसरा शहामृगाच्या पिसांच्या शांतताचिन्हांनिशी पुढे चालावा, अशी त्याची इच्छा होती. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याच्या थडग्यावर त्याचे शिरस्त्राण, ढाल, हातमोजे, तलवारीचे म्यान आणि सिंह व लिली यांची चिन्हे भरलेला मखमली अंगरखा ही सारी टांगून ठेविली गेली. सुमारे पावणेसहाशे वर्षे ती तेथे होती. १९५४ साली थडग्यावर त्यांच्या प्रतिकृती लावण्यात आल्या आणि मूळ वस्तू काचेआड गेल्या. मखमलीचा रंग उडाला आहे, पण अंगरखा कोणाचा हे ती चिन्हे अजून सांगतात.

पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडातील सरदारांच्या अंत्ययात्रा हेरॉल्डांच्या पूर्ण ताब्यात गेल्या. कोणत्या दर्जाच्या माणसामागे किती शोककर्ते चालावेत, निशाण कोणत्या आकाराचे असावे, काळे कापड किती वार द्यावे, या सर्वांचे नियम होते आणि प्रत्येक नियमामागे हेरॉल्डांची दक्षिणा होती. आपल्याकडील तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांवर टीका करणाऱ्यांनी या दक्षिणांचे हिशोब एकदा अवश्य पाहावेत. यातील एक नियम आम्हांला विशेष विलक्षण वाटतो. मुख्य शोककर्ता हा मृत व्यक्तीच्याच लिंगाचा आणि शक्यतो त्याच दर्जाचा असावा लागे. म्हणजे पत्नी गेली तर पतीला मुख्य शोककर्ता होता येत नसे आणि पती गेला तर पत्नीला. ज्याचे घर रिकामे झाले त्याने मागे राहावयाचे आणि समान दर्जाच्या कोणी पुढे चालावयाचे! या समारंभाचा हेतू रडणे हा नव्हताच. एक माणूस गेला असला तरी त्याची जागा रिकामी राहिलेली नाही, हे लोकांना दाखविणे हा होता. म्हणून चर्चमध्ये मृताची ढाल, तलवार आणि शिरस्त्राण प्रथम वेदीपाशी अर्पण करीत आणि मग ती वारसाच्या हाती देत.

येथे मराठी वाचकास साताऱ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीस वारले आणि त्याच वर्षी शाहू महाराजांनी बाळाजी बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली. सरदाराच्या घरी दुखवट्याची वस्त्रे पाठवावयाची आणि वारसास पदाची वस्त्रे द्यावयाची, हा आपला परिपाठ. शोक आणि वारसा यांचा व्यवहार त्यांच्याकडे ढालीतून होई, आपल्याकडे वस्त्रातून. एक भेद मात्र मोठा आहे. दुःखाच्या दिवसांत आपण चिन्हे उतरवीत आलो. डोईचे पागोटे काढावयाचे, कुंकू पुसावयाचे, दारचा चौघडा बंद ठेवावयाचा. विधवेचे कुंकू पुसण्याच्या प्रथेतील क्रौर्य आता आपल्याला कळले आहे आणि आम्ही तिचे समर्थन करीत नाही. येथे सांगावयाचे ते इतकेच की, जेथे आपण दाराची शोभा काढून घेत होतो तेथे इंग्रज दारावर चिन्ह चढवीत होता.

हेरॉल्डी अंत्ययात्रेचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे कवी आणि योद्धा सर फिलिप सिडनी याचे. नेदरलँड्समधील लढाईत जखमी होऊन तो १७ ऑक्टोबर १५८६ रोजी वारला. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याचे दफन झाले ते १६ फेब्रुवारी १५८७ रोजी, चार महिन्यांनी. सुमारे सातशे माणसे त्या यात्रेत होती. आघाडीला मृताच्या वयाच्या वर्षांइतके, म्हणजे बत्तीस गरीब लोक होते आणि शवपेटीपाशी त्याच्या टाचा, हातमोजे, शिरस्त्राण, ढाल आणि चिन्हांकित अंगरखा एकेका हेरॉल्डाच्या हाती होता. टॉमस लँट याने ही सारी यात्रा चित्रांकित करून तिचे कोरीव ठसे छापविले, म्हणून आज ती माणूस न् माणूस पाहावयास मिळते. सिडनीचा सासरा वॉल्सिंगहॅम आधीच जावयाच्या कर्जांखाली दबला होता; त्यात हा खर्च पडला.

परंतु आमच्या मते त्याहून अधिक अर्थपूर्ण अंत्ययात्रा त्याच वर्षी पीटरबरो येथे झाली. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा ८ फेब्रुवारी १५८७ रोजी एलिझाबेथच्या राज्यात शिरच्छेद झाला. या दोघींच्या वैरात कुलचिन्हांचा वाटा लहान नव्हता. तरुणपणी फ्रान्समध्ये असताना मेरीने आपल्या ढालीत इंग्लंडचे चिन्ह घातले होते आणि त्याचा अर्थ उघड होता: इंग्लंडचे सिंहासन माझे आहे. एलिझाबेथ हे कधी विसरली नाही. तरीही सुमारे सहा महिन्यांनी, १ ऑगस्ट रोजी, तिच्याच खजिन्यातील पैशांनी आणि तिच्याच हेरॉल्डांच्या देखरेखीखाली मेरीची उत्तरक्रिया राणीच्या इतमामाने झाली. बेडफर्डची काउंटेस मुख्य शोककर्ती होती आणि स्कॉटलंडचे राजचिन्ह सन्मानाने मिरविले गेले. जिला जिवंतपणी एकोणीस वर्षे कैदेत ठेविले तिला मरणानंतर तिची ढाल परत मिळाली. यास कोणी ढोंग म्हणेल. आम्हांला मात्र त्यात एक जुनी समज दिसते. माणूस मारता येतो. पण तो कोण होता, हे नाकारण्याचा अधिकार मारणाऱ्यासही नसतो. १६१२ साली मेरीचा मुलगा, इंग्लंडचा राजा झालेला जेम्स, याने तिचे अवशेष वेस्टमिन्स्टर ॲबीत आणविले.

असल्या खर्चाला घराणी कंटाळली. सतराव्या शतकात हेरॉल्ड टाळून रात्री मशालींच्या उजेडात गुपचूप दफन करण्याची टूम निघाली, आणि याच सुमारास नेदरलँड्सच्या बाजूने एक स्वस्त आणि सुटसुटीत साधन इंग्लंडात आले. त्याचे नाव हॅचमेंट. ‘अचीव्हमेंट’ म्हणजे संपूर्ण कुलचिन्ह, या शब्दाचा तो अपभ्रंश. आम्ही त्याला शोकढाल म्हणतो. लाकडी चौकटीवर कापड ताणून किंवा फळीवरच तैलरंगात कुलचिन्ह काढीत, चौकटीला काळे कापड लावीत आणि सारे एका कोनावर उभे करून घराच्या दर्शनी दारावर टांगीत. आकार अगदी आपल्या शंकरपाळ्याचा. सहा महिने ते वर्षभर, म्हणजे आपल्या हिशोबाने वर्षश्राद्धापर्यंत, ती दारावर राही आणि मग गावच्या चर्चमध्ये कायमची जाई.

इंग्रजी शोकढालीवर सहसा मृताचे नाव नसते आणि तारीखही नसते. मग ती वाचावयाची कशी? खरी गंमत पार्श्वभूमीच्या रंगात आहे. विवाहित जोडप्याच्या ढालीचे उभे दोन भाग असतात. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला पतीच्या घराण्याचे चिन्ह, उजव्या हाताला पत्नीच्या माहेरचे. पती वारला आणि पत्नी हयात असली, तर ढालीमागील डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी रंगवीत. पत्नी आधी गेली तर उलट. दोघेही गेल्यावर, म्हणजे विधवेच्या किंवा विधुराच्या मृत्यूनंतर, सारी पार्श्वभूमी काळी. अविवाहिताचीही काळीच, पण त्यात दुसऱ्या घराण्याचा भाग नसल्याने ती ओळखता येते. स्त्री अविवाहित किंवा विधवा असेल तर तिचे चिन्ह ढालीवर न काढता छोट्या शंकरपाळ्यावर काढीत, कारण ढाल हे लढणाऱ्याचे साधन आणि स्त्री लढत नाही, असे त्या लोकांनी ठरवून टाकले होते. अहल्याबाई होळकर किंवा ताराराणी त्यांच्या ऐकण्यात नव्हत्या, एवढेच म्हणावे.

या फलकाचा अर्धा मजकूर मृताविषयी असतो आणि उरलेला अर्धा हयात असलेल्याविषयी. रस्त्याने जाणाऱ्याला कोण गेले याबरोबरच घरात आता कोण एकटे उरले आहे, हेही समजे. हेरॉल्डांच्या मिरवणुकीत ज्या जोडीदाराला मागे सारले होते, त्याला या फलकाने पांढऱ्या रंगाच्या रूपाने जागा दिली. घराण्याचे नेहमीचे ब्रीदवाक्य काढून त्याऐवजी पुष्कळदा ‘रिसर्गम’ म्हणजे ‘मी पुन्हा उठेन’ असा लॅटिन शब्द लिहीत. रंगविणारे बहुधा घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगविणारे कारागीर असत. काम घाईचे असे, त्यामुळे चुकाही होत. कॉलेज ऑफ आर्म्स आणि लंडनची रंगाऱ्यांची श्रेणी यांचे, हे काम करण्याचा हक्क कोणाचा, यावरून जुने भांडण होते. कादंबरीकार थॅकरे याने ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये लंडनच्या सरदारी वस्तीतील शोकढालींची थट्टा केली आहे. हा थॅकरे १८११ साली कलकत्त्यास जन्मला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीटर समर्स यांच्या संपादनाखाली ब्रिटनमधील शोकढालींची गावोगाव मोजदाद झाली आणि १९७४ पासून पुढील वीस वर्षांत तिचे दहा खंड निघाले. चार हजारांहून अधिक ढाली नोंदल्या गेल्या.

युरोपात इतरत्रही ही रीत फोफावली. एस्टोनियाची राजधानी तालिन येथील कॅथेड्रलच्या भिंती शंभराहून अधिक कोरीव लाकडी कुलचिन्हांनी भरलेल्या आहेत. स्वीडनमध्ये सेराफिम या सर्वोच्च राजसन्मानाचा मानकरी निवर्तला की त्याचा चिन्हफलक राजवाड्यातून रिडरहोल्म चर्चमध्ये नेऊन लावतात आणि तेथील घंटा तासभर वाजते. ही प्रथा आजही पाळली जाते. १९ सप्टेंबर २०२२ रोजी विंडसरला राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या दफनाच्या वेळी लॉर्ड चेंबरलेनने आपली छडी मोडून शवपेटीवर ठेविली आणि हेरॉल्डांच्या प्रमुखाने तिच्या पदव्या मोठ्याने वाचल्या, हे आपल्यापैकी अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. सोळाव्या शतकातील त्या समारंभाचाच तो उरलेला अंश.

डच लोकांची शोकढाल मात्र इंग्रजी ढालीहून वेगळी. तिच्यावर मृत्यूची तारीख असे, आणि मोठ्या घराण्यांत मुख्य चिन्हाच्या दोन्ही बाजूंस आजे-पणजे यांच्या घराण्यांच्या लहान लहान ढालींची रांग असे. आणखी महत्त्वाचा भेद असा की, इंग्लंडात कुलचिन्हासाठी हेरॉल्डांची मान्यता लागे, तर हॉलंडात कोणताही नागरिक स्वतःचे कुलचिन्ह ठरवू शके. व्यापारी, दर्यावर्दी, ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून, कोणीही. त्यामुळे डच चर्चच्या भिंती अशा फलकांनी भरून गेल्या.

मग १७९५ साल उजाडले. फ्रेंच क्रांतीच्या सैन्याबरोबर हॉलंडात समतेचे राज्य आले आणि चर्चमधील कुलचिन्हे म्हणजे विषमतेची निशाणी ठरली. फलक उतरविले गेले, फोडले, जाळले. थडग्यांवरील दगडी ढाली छिन्नीने तासून टाकल्या. समतेच्या तत्त्वाविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु मेलेल्यांशी समतेचे भांडण करून काय मिळाले, हे आम्हांला उमगत नाही.

त्याच वर्षी डच राज्यप्रमुख पाचवा विल्यम पळून इंग्लंडात गेला आणि आपल्या वसाहती इंग्रजांच्या स्वाधीन कराव्यात, अशी पत्रे त्याने धाडली. कोची १७९५ च्या ऑक्टोबरात इंग्रजांकडे गेले, श्रीलंकेतील गॉल १७९६ च्या फेब्रुवारीत. मायदेशी छिन्नी चालत होती त्या वेळी येथील डच थडगी हॉलंडच्या हुकमाबाहेर गेली. म्हणूनच गॉलच्या डच चर्चच्या भिंतींवर शोकढाली आजही पाहावयास मिळतात. घरापासून हजारो मैलांवर मेलेल्यांची चिन्हे टिकली, आणि घरी मेलेल्यांची पुसली गेली.

कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जमिनीतील जुन्या थडग्यांच्या शिळा नंतर उचलून भिंतींत बसविल्या आहेत, एका बाजूस डच आणि दुसऱ्या बाजूस पोर्तुगीज. हे तेच चर्च, जेथे १५२४ साली वास्को द गामाला पुरले होते. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची फरसबंदीच पोर्तुगीज घराण्यांच्या कुलचिन्हांकित थडग्यांची आहे. गावी जाताना गोव्यास उतरणाऱ्यांनी तेथे पाऊल टाकताना खाली पाहावे. हुगळीकाठच्या चिन्सुऱ्यास डच चर्चमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या शोकढाली टांगलेल्या असत. ते चर्च आता उभे नाही. येथेच यान आल्बर्ट सिख्टरमन हा अठराव्या शतकात कंपनीचा बंगालचा संचालक होता. तरुणपणी एका द्वंद्वयुद्धात प्रतिस्पर्ध्यास ठार मारून तो मायदेशातून पळाला होता. त्याच्या कुलचिन्हात खारुताई होती आणि ती त्याने चिनी मातीच्या ताटल्यांवरही काढवून घेतली. त्याचे दैव बलवत्तर, तो धनाढ्य होऊन ग्रोनिंगनला परतला आणि तेथे १७६४ साली वारला. त्याच्या हाताखालील कित्येकांना ते भाग्य लाभले नाही.

आपल्या संस्थानिकांना अशी कुलचिन्हे मिळाली ती फार उशिरा. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात लॉर्ड लिटनने त्यांना चिन्हांकित रेशमी निशाणे दिली. ती चिन्हे बंगाल सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर याने रचली होती. शिंद्यांच्या वाट्यास नाग आले. बडोद्याच्या चिन्हावर ‘जिन घर जिन तख्त’ हे शब्द होते. पण ही निशाणे दरबारापुरतीच राहिली. शिंद्यांची स्मृती शिवपुरीच्या छत्रीत जपली गेली, जेथे मूर्तीला वस्त्रे नेसवितात, नैवेद्य दाखवितात आणि संध्याकाळी गाणे होते. ढालीने मृताची ओळख जपावी आणि छत्रीने त्याची दिनचर्या, असा हा दोन समाजांच्या स्वभावांतील फरक आहे.

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर पुलिकत आहे. डचांचा गेल्ड्रिया किल्ला तेथे होता. त्याचे आता फारसे काही उरले नाही, परंतु जवळचे सतराव्या शतकातील दफनस्थान पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली शाबूत आहे. दाराच्या दोहों बाजूंस दगडात कोरलेले दोन सांगाडे आहेत आणि आत ढाली, शिरस्त्राणे व वेलबुट्टी कोरलेल्या ग्रॅनाइटच्या शिळा. डच लिपी वाचता येत नसली तरी हरकत नाही. ढालीचे उभे दोन भाग केलेले दिसले तर डावीकडचे घराणे पतीचे आणि उजवीकडचे पत्नीचे.